‘नेहमी’ला कार्ड नाही

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. रक्कम सातशे रुपये, पांढऱ्या पाकिटात, टेबलावर माझ्या हाताशी. हजर तिघं: डॉ. उकिडवे, रत्नाक्का आणि मी.

कुठलाही प्रसंग असा सुरू करायचा, हे मला उकिडवे सरांनी शिकवलं. केव्हा, किती, कोण हजर, आणि मग मुख्य गोष्ट. त्यांच्याबद्दल लिहितानाही मी त्यांचीच रीत वापरतो आहे, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीने लिहिलेलं त्यांनी मान्य केलं नसतं. हे लिखाण त्यांच्या बाजूचं नाही, हेही आताच सांगून टाकतो. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काम केलं. ते मला आवडले नाहीत.

आमची संस्था बसवनगुडीत एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. आम्ही सहा माणसं. रुग्णसेवा, वृद्धसेवा, अंगणवाड्या अशा कामांचे अभ्यास आम्ही करून देत असू. मी मूळचा निपाणीचा, त्यामुळे कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच येतात. मुलाखती ऐकून कागदावर उतरवायच्या, कन्नडमधलं मराठीत आणायचं, आणि शेवटी सगळं मोजायचं, हे माझं काम. सरांना पुण्याहून इथे येऊन तीस वर्षं झाली होती. त्यांचं कन्नड ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ या दोन शब्दांवर थांबलं होतं. थोडं हवं असलं की स्वल्प, पुरे झालं की सरी. तीस वर्षांत तिसऱ्या शब्दाची त्यांना गरज पडली नाही, कारण बाकीचे शब्द बोलायला कुणीतरी असेच; शेवटची नऊ वर्षं मी होतो.

ज्या पद्धतीवर त्यांनी आयुष्य काढलं, ती समजायला सोपी आहे. एखादं काम चांगलं कशाने होतं आणि वाईट कशाने, हे शोधायचं असेल तर लोकांना त्यांचं मत विचारायचं नाही. मतं ऐकीव असतात. त्याऐवजी विचारायचं, की हे काम फार चांगलं किंवा फार वाईट झालं असा तुम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगा. त्याआधी काय झालं होतं? कुणी नेमकं काय केलं? परिणाम काय झाला? असे शेदोनशे प्रसंग जमवायचे, एका कार्डावर एक उतरवायचा, सारख्याला सारखी कार्डं लावून गठ्ठे करायचे. दुसऱ्या माणसाला तीच कार्डं पुन्हा लावायला द्यायची आणि दोघांचं किती जुळलं ते पाहायचं. नवी कार्डं येऊनही नवा गठ्ठा पडेनासा झाला की थांबायचं. याला निर्णायक प्रसंगांची पद्धत म्हणतात. पद्धत चांगली आहे. माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही.

सरांच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दहा-बारा कोरी कार्डं असत. ‘कायम’ लिहिलं खरं, पण सरांनी ते खोडलं असतं. मी नीट पाहिलेले दिवस तीसेक असतील, त्या तीसही दिवशी होती. पिवळट रंगाची, पोस्टकार्डापेक्षा जराशी लहान. निळं पेन टोपणाचं, शाईचं. टोपण निघालं की मुलाखत सुरू आणि लागलं की संपली, असं आम्ही समजत असू.

“‘नेहमी’ला कार्ड नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. मुलाखतीत कुणी ‘नेहमी’, ‘रोज’, ‘दर वेळी’ म्हणालं, की ते तळहात वर करून थांबवत. “नेहमीचं नको. एकदाचं सांगा.” नव्या मुलामुलींना शिकवतानाही हेच. “मत घरी ठेवून या. येताना प्रसंग घेऊन या.”

आणि त्यांचं ते गप्प बसणं. समोरचा बोलायचा थांबला की सर काहीच बोलत नसत. मान हलवत नसत, अरेरे म्हणत नसत, हसत नसत. भिंतीवरच्या घड्याळावर मी ते मोजलं आहे. आठ सेकंद. आठ सेकंद म्हणजे किती, हे ज्याच्यासमोर कुणी असं गप्प बसलं आहे त्यालाच कळेल. बहुतेक माणसं सहाव्या सेकंदाला पुन्हा बोलू लागत, आणि जे सांगायचं नव्हतं ते सांगत. नऊ वर्षांत मी चारशेच्या वर मुलाखती ऐकल्या. त्यांच्यासारखी मुलाखत घेणारा माणूस मी पाहिला नाही. हे त्यांचं श्रेय, ते इथे लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

ही पद्धत ते ऑफिस सुटल्यावरही उतरवून ठेवत नसत, हा त्यांचा स्वभाव होता. आमच्याकडे शैलजा नावाची मुलगी होती. पुण्याहून आलेली, सर्जापूर रोडला दोन मैत्रिणींबरोबर राहायची, दीड तास बस बदलत ऑफिसला यायची. हुशार होती. एक दिवस ती सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“सर, एक बोलायचंय. तुम्ही नेहमी मला सगळ्या टीमसमोर हिणवता. इट हर्ट्स, सर.”

सरांनी तळहात वर केला. “एक प्रसंग.”

“परवाच. माझा ड्राफ्ट सगळ्यांना वाचून दाखवलात आणि म्हणालात, हे वाचून मला शाळेतलं हस्ताक्षर आठवलं.”

“परिणाम काय झाला?”

“परिणाम म्हणजे... मला वाईट वाटलं.”

“ते तुम्हाला वाटलं. झालं काय?”

“मी रात्री बसून परत लिहिला.”

“आणि?”

“आणि... चांगला झाला.”

“मग हे परिणामकारक वर्तनात जाईल,” सर म्हणाले आणि फाइल उघडली.

शैलजा हट्टी होती. पुढचे तीन महिने तिने कार्डं लिहिली. ऑफिसचीच पिवळट कार्डं, सरांनी शिकवलेल्याच रीतीने: दिवस, वेळ, कोण हजर, आधी काय, नेमकं काय बोललं गेलं, नंतर काय झालं. तेवीस कार्डं झाली. एका सोमवारी तिने ती सरांपुढे ठेवली.  आम्ही बाकीचे कॉम्प्युटरच्या पडद्यांकडे पाहत होतो, पण कुणाचं बोट हलत नव्हतं.

सरांनी तेवीसही कार्डं वाचली. सतरा मिनिटं लागली. मग त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “उत्तम! शैलजा, या ऑफिसात आजवर इतकी स्वच्छ कार्डं कुणी लिहिली नाहीत.” त्यांनी तिथेच कार्डांचे गठ्ठे लावायला घेतले. चार गठ्ठे पडले. प्रत्येकाला त्यांनी नाव दिलं. मग सगळी कार्डं पुन्हा पिसली आणि माझ्याकडे सरकवली. “निपाणीकर, तुम्ही स्वतंत्रपणे लावा. जुळतं का पाहू.”

मी लावली. हे लिहायला मला आवडत नाही, पण लावली. तेवीसपैकी एकोणीस जुळली, म्हणजे ब्याऐंशी पूर्णांक सहा दशांश टक्के. ऐंशीच्या वर सर समाधानी असत. त्यांनी गठ्ठ्यांना रबर बँड लावले आणि कपाटात ठेवले. शिकवण्याच्या तासाला ती कार्डं नमुना म्हणून दाखवायची परवानगी शैलजाकडे मागितली. शैलजाने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता: ‘नेहमीचंच’.

जे. पी. नगरला त्यांच्या घरी मी एकदाच जेवलो. त्यांच्या पत्नी वाढत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “ह्यांचं घरात कधी लक्षच नसतं.” सरांनी आमटीतून मान वर केली नाही. “कधी?” त्यांनी विचारलं. त्यांनी पोळ्यांचा डबा उघडला. मला पोळी वाढताना हलकेच म्हणाल्या, “तुमच्या ऑफिसात तरी ह्यांना प्रसंग सापडतात. इथे बत्तीस वर्षांत एक घडलेला नाही.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आता त्या शनिवारकडे येतो.

अभ्यास होता लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या बायकांचा. अशा बायका पुरवणाऱ्या काही एजन्सींनी मिळून तो करायला दिला होता. रत्नाक्का त्यांपैकीच एका एजन्सीत होती. पन्नाशीची, उंच, पदर खोचलेला. तिचे पूर्वज चार-पाच पिढ्यांमागे शिवणकामाला या गावात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकलेली, पण तिला कानडीची फोडणी. सरांना त्याचा फार आनंद. दुभाष्या मध्ये नको, थेट बोलता येईल. तरीही मी होतो, कारण संमतीपत्र समजावून सांगणं माझं काम. मी तिला वाचून दाखवलं: तुमचं नाव कुठे येणार नाही, एजन्सीचं नाही, इमारतीचं नाही.

“नक्की ना, अण्णा?” तिने मला विचारलं, सरांना नाही.

“नक्की,” मी म्हणालो आणि साक्षीदार म्हणून सही केली.

मानधनाचं पाकीट संपूर्ण प्रसंग मिळाल्यावरच द्यायचं, असा सरांचा नियम होता. नुसत्या गप्पांना पैसे नाहीत. म्हणून ते माझ्या हाताशी होतं.

सरांनी टोपण काढलं. “बाई, तुमच्या कामातला एक प्रसंग सांगा. तुम्ही काहीतरी केलंत आणि त्याने फरक पडला.”

“फरक काय साहेब, रोजचंच की. आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, कूस बदलायची.”

“रोजचं नको. एक दिवस सांगा.”

ती माझ्याकडे वळली. “रोजचं काम आहे, अण्णा. त्यातला एक दिवस कुठून आणू?”

सर गप्प. मी घड्याळाकडे पाहिलं. सातव्या सेकंदाला तिने पाणी मागितलं. “स्वल्प पाणी द्या.” प्यायली. मग तिने सांगितलं.

सर्जापूर रोडजवळच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर एक आजोबा होते. अर्धांग झालेलं, बोलणं गेलेलं. एजन्सीने तिला त्याच वेळेला सातव्या मजल्यावरच्या एका आजींकडेही लावलं. दोन्हीकडून पूर्ण वेळेचे पैसे, बाई एक. तिने सुपरवायझरला फोन केला, की एकाच वेळी दोन घरी कशी असेन? तो म्हणाला, दुपारी आजोबांना झोपेची गोळी एक जास्त दे, चार तास उठत नाहीत, तेवढ्यात खाली जाऊन ये.

“मग तुम्ही काय केलंत?” सरांनी विचारलं.

“गोळी पदराला बांधली.”

“आणि?”

“आजोबांना खुर्चीत बसवलं. चाकाची खुर्ची. खुर्ची ढकलत लिफ्टमध्ये घातली आणि सातव्यावर घेऊन गेले. आजींच्या शेजारी लावली. दोघांना एकदमच पाहिलं. दुसरं काय करणार?”

आठ सेकंद.

“आजी त्यांना म्हणाल्या, तुमचं गाव कुठलं हो? चार महिने आजोबांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी ओठ हलवले, हलवले, आणि म्हणाले, चहा.” रत्नाक्का हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “गाव विचारलं तर चहा म्हणतात! आजींनी सुनेला हाक मारली, म्हणाल्या, ह्यांच्या गावाला साखर घालून आण गं.”

सर वाकून भराभर लिहीत होते. कार्ड भरलं, मागच्या बाजूला गेलं. मग त्यांनी टोपण लावलं. “पूर्ण,” ते म्हणाले. मी पाकीट दिलं. तिने नोटा न मोजता कमरेला खोचल्या.

मुलाखत उतरवताना मी नियमाप्रमाणे खुणा पुसल्या. सर्जापूर रोड काढला, मजले काढले, आणि खुर्चीची गोष्ट काढून लिहिलं: ‘सेविकेने पर्यायी व्यवस्था केली.’ सरांनी ते वाचून कागद माझ्याकडे फेकला. खरोखर फेकला. तो जमिनीवर पडला आणि मी उचलला.

“पर्यायी व्यवस्था! निपाणीकर, प्रसंगातून खुर्ची काढलीत तर उरलं काय? मत उरलं. बाई चांगली आहे, एवढं मत.”

“सर, हे फक्त एकाच बाईने केलं असणार. ओळखतील.”

“एक प्रसंग सांगा, माझ्या अहवालातून कुणी कुणाला ओळखल्याचा.”

 त्यांनी खुर्ची परत घातली, लिफ्ट घातली, सातवा मजला घातला. गोळीही घातली. चहा तर घातलाच. हे एकशे चौदा कार्डांमधलं सर्वांत चांगलं कार्ड होतं. एजन्सीवाल्यांपुढे अहवाल मांडला तेव्हा सरांनी ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवलं. सभागृहात लोक हसले, एकाने टाळ्याही वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका माणसाने मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. तो हसला नव्हता.

त्यानंतर सोळा दिवसांनी रत्नाक्का आमच्या जिन्यात आली. चष्म्याच्या दुकानाशी थांबून तिने मला खाली बोलावलं.

“माझं काम बंद केलं, अण्णा.”

मी विचारलं, कुणी, कसं. ती ओरडली नाही. मला ते ओरडणं चाललं असतं.

“नाव लिहिणार नाही म्हणालात. नाव लिहिलं नाही, ते बरोबर. खुर्ची लिहिलीत की.”

तिला पैसे नको होते. तिला पत्र हवं होतं. अहवालात तुम्ही मला चांगलं म्हटलं आहे ना, तेवढंच संस्थेच्या कागदावर लिहून द्या, दुसऱ्या एजन्सीत दाखवते, असं तिचं म्हणणं. घरी नवरा आजारी, महिन्याचे सोळा हजार तिचेच येत. मला ते अगदी वाजवी वाटलं. चार ओळींचं पत्र. मी तिला वर घेऊन गेलो.

सरांनी शांतपणे ऐकलं. “बाई, असं पत्र मला देता येणार नाही. दिलं तर अहवालातली बाई तुम्हीच, हे मीच उघड केल्यासारखं होईल. तुमची ओळख गुप्त ठेवायला मी बांधील आहे.”

“ती तर उघडच झाली की, साहेब.”

“माझ्याकडून नाही.”

हे त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही. त्यांचा त्यावर विश्वास होता. मला तेच सहन झालं नाही, आणि मी काही बोललोही नाही.

मग त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं. पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे मानेने खूण केली, आणि मला कळलं. मी ड्रॉवरमधून सातशेचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“बाई, तुम्हाला कामावरून काढलं, तो प्रसंग सांगा. त्या दिवशी नेमकं काय झालं?”

रत्नाक्काने आधी कार्डाकडे पाहिलं, मग पाकिटाकडे. उठून जाईल असं मला वाटलं. पण पत्राची आशा तिने सोडली नसावी. ती नीट आठवून बोलली.

“त्या दिवशी काही झालं नाही, साहेब. रोज सकाळी सहाला एजन्सीचा फोन यायचा, आज कुणाकडे जायचं ते सांगायला. त्या दिवशी आला नाही. मी आंघोळ करून, डबा भरून बसले. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशीही. मी केला तर उचलत नाहीत.”

“कुणी काही बोललं? भांडण? पत्र?”

“नाही.”

“म्हणजे काढलं असं कुणी म्हणालंच नाही.”

“कुणी म्हणत नाहीत. फोन येत नाही. तसंच काढतात.”

आठ सेकंद. या वेळी ती बोलली नाही. तिच्याकडे आणखी काही नव्हतं.

“हा प्रसंग होत नाही,” सर म्हणाले. पेनाला टोपण लागलं. कोरं कार्ड खिशात गेलं. पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. रत्नाक्का उठली, “सरी,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर सरांशी मी कामापुरतंच बोललो. सव्वा वर्षाने ते निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ जे. पी. नगरच्या एका लहान हॉलमध्ये रविवारी सकाळी होता. एकेचाळीस माणसं. सरांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, पुढ्यात फळांची परडी. त्यांनी निमंत्रणातच कळवलं होतं: भाषणं नकोत, प्रत्येकाने माझ्याबद्दल एक प्रसंग सांगावा.

एक जुना विद्यार्थी उठला. “सर नेहमी आम्हाला...” सरांनी शालीखालून तळहात वर केला. लोक हसले. दुसरी बाई म्हणाली, सर कधीच रागवले नाहीत. “‘कधीच’ हाही प्रसंग नव्हे,” सर म्हणाले. पुन्हा हशा. असं चार वेळा झालं. मग माझी पाळी आली.

मी घरून ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि सांगितलं. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, अकरा दहा, सातशे रुपये, हजर तिघं. खुर्ची, लिफ्ट, चहा. पर्यायी व्यवस्था, आणि फेकलेला कागद. पडद्यावरचं कार्ड, तिसऱ्या रांगेतला फोटो. जिन्यातली रत्नाक्का. न दिलेलं पत्र आणि न आलेला फोन. आवाज चढू दिला नाही. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या, त्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होत्या. संपवून मी सरांकडे पाहिलं. ते चिडावेत, लाजावेत, निदान उठून जावेत, यासाठी मी सव्वा वर्ष थांबलो होतो.

सरांनी खिशातून कार्ड काढलं होतं. ते लिहीत होते.

“फोन सकाळी किती वाजता येत असे?”

“सहाला.”

“तुम्ही टेबलाच्या कुठल्या बाजूला होतात?”

“ड्रॉवरच्या.”

“पाकीट ड्रॉवरमध्ये परत कुणी ठेवलं?”

“मी.”

“ठेवा, असं कुणी सांगितलं?”

आणि ते गप्प झाले. हॉलमध्ये घड्याळ नव्हतं, पण मला मोजता येत होतं. पाच. सहा.

“कुणी नाही,” मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहिलं. टोपण लावलं. मग शालीखाली हात घालून स्वतःचं पैशांचं पाकीट काढलं आणि एक पाचशेची, एक दोनशेची नोट माझ्यापुढे धरली. “पूर्ण प्रसंग आहे, निपाणीकर. सकाळपासूनचा पहिलाच.” त्यांच्या चेहऱ्यावर शैलजाची कार्डं वाचतानाचाच उजेड होता. पेटा जरा कलला होता, तो त्यांनी सावरला. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

नोटा मी घेतल्या. समोर धरलेलं हाताने आपोआप घेतलं जातं, असं मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आपोआप काही होत नाही. तुम्ही घेतलेत.”

मंगळवारी मी रत्नाक्काचा पत्ता काढून गेलो. जे. पी. नगरातच ती एका घरी आजींना सांभाळत होती, एजन्सीशिवाय, बारा हजारांवर. चार महिने घरी बसल्यावर मिळालेलं काम. फाटकाशी उभी राहून तिने सगळं ऐकलं. मी नोटा पुढे केल्या.

“हे कशाचे?”

“दुसऱ्या मुलाखतीचे. तेव्हाचे राहिलेले.”

“ती तर झाली नाही म्हणाले ना साहेब.” तिने हात पदराखालीच ठेवला. “हे तुमचे, अण्णा. सांगितलंत तुम्ही. मला कुठे सांगता आलं?” आतून कुणीतरी हाक मारली. “येते. आजींना उठवायचं आहे.”

ऑफिसच्या वहीत त्या दुसऱ्या पाकिटापुढे माझ्याच अक्षरात ‘रद्द’ असं आहे. ते खरं आहे. शेवटी दिलेली रक्कम सातशे रुपये. देणारे डॉ. उकिडवे. घेणारा मी.